रुग्णशय्येवरून घरी : पहिल्या महायुद्धातील जखमी हिंदुस्थानी शिपायांची पत्रे आणि त्यांचे वाचन

प्रास्ताविक

‘पत्रवाङ्मय’ हा शब्द मराठी समीक्षेत उच्चारला की सामान्यतः थोर पुरुषांची, लेखकांची किंवा राजकीय पुढाऱ्यांची पत्रे डोळ्यांसमोर येतात. विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही या वाङ्मयप्रकाराची व्याप्ती बहुधा याच वर्तुळात फिरताना दिसते. ज्याला स्वतः लिहिता येत नव्हते, ज्याने पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेतले आणि ज्याचे पत्र घरी पोहोचल्यावरही कोणा तिसऱ्यानेच वाचून दाखवले, अशा माणसाच्या पत्राला वाङ्मय म्हणावे की नुसता ऐतिहासिक दस्तऐवज, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात पहिल्या महायुद्धाच्या काळात, विशेषतः १९१४ च्या अखेरीपासून १९१५ च्या अखेरीपर्यंत, इंग्लंडमधील रुग्णालयांतून जखमी हिंदुस्थानी शिपायांनी घरी लिहिलेल्या पत्रांच्या वाचनाचा विचार केला आहे. या पत्रांनी इतिहासकारांना विपुल माहिती पुरवली. तथापि माहितीसाठी वाचलेले पत्र आणि पत्र म्हणून वाचलेले पत्र यांत अंतर आहे, आणि हे अंतर अद्याप पुरेसे ध्यानात घेतले गेलेले नाही, अशी या विवेचनामागील भूमिका आहे.

पत्रे हाती कशी आली

लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून मार्सेल्सच्या बंदरात उतरू लागल्या. युद्धाच्या संपूर्ण काळात सुमारे १ लाख ३८ हजार हिंदुस्थानी माणसे पश्चिम आघाडीवर गेली. पहिल्याच हिवाळ्यात जखमींची संख्या एवढी वाढली, की इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालये उघडावी लागली. त्यांत ब्रायटन येथील रॉयल पॅव्हिलियन, तेथीलच किचनर रुग्णालय आणि ब्रोकनहर्स्ट येथील लेडी हार्डिंज रुग्णालय ही प्रमुख होत.

याच सुमारास टपालावर नजर ठेवणारी यंत्रणा उभी राहिली. तिचा मूळ उद्देश शिपायांचे मन जाणून घेणे हा नव्हता. क्रांतिकारकांचे वाङ्मय पलटणींत शिरू नये, हा होता. हिंदुस्थानच्या नागरी सेवेतील कॅप्टन हॉवेल याच्या देखरेखीखाली प्रथम रूआं व नंतर बुलोन येथे चालणाऱ्या या छोट्या कचेरीपुढे पत्रांचा डोंगर होता. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधील हिंदुस्थानी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. एवढी पत्रे वाचणे शक्यच नव्हते. म्हणून काही पत्रे निवडून वाचली जात, त्यांतील काहींचे उतारे इंग्रजीत उतरवले जात आणि साप्ताहिक अहवालाला जोडले जात. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे बहुतांशी ज्याच्या त्याच्या घरी गेली आणि काळाच्या ओघात नाहीशी झाली. उरले ते सेन्सॉरच्या इंग्रजीतील तुकडे.

डेव्हिड ओमिसी यांनी या अहवालांतून ६५७ पत्रे निवडून ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ हा संग्रह १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. पत्रलेखकाचे नाव, जात किंवा जमात, पत्र कोठून कोणाला लिहिले, मूळ भाषा आणि तारीख हे तपशील प्रत्येक पत्राच्या माथ्यावर देण्याची त्यांची पद्धत अभ्यासकाला अत्यंत उपयोगी आहे. पत्र अंतिम वाचकापर्यंत येण्यापूर्वी लेखनिक, पलटणीतील अधिकारी, सेन्सॉर आणि अनुवादक अशा किती चाळण्यांतून गेले, याची जाणीवही त्यांनी प्रस्तावनेत स्पष्टपणे दिली आहे. मात्र ही जाणीव दिल्यानंतर संग्रहातील प्रत्यक्ष मांडणी आणि विवेचन ‘आवाज’ या शब्दावरच विसंबते. चाळणीचा उल्लेख प्रस्तावनेत एकदा करून पुढे आवाज थेट ऐकू येतो असे मानणे, ही या क्षेत्रातील अनेक अभ्यासांची सवय झाली आहे.

क्षेमकुशलाचा प्रश्न

पारंपरिक मराठी पत्राचा आरंभ साष्टांग नमस्काराने व्हायचा; मग ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ अशी विनंती, आणि त्यानंतर ‘पत्रास कारण की’. उर्दू, हिंदी, पंजाबी पत्रांचे मायने वेगळे असले तरी रचना फार वेगळी नव्हती. आधी आदर, मग खुशाली, मग कारण. सेन्सॉरने केलेल्या उताऱ्यांत हा आरंभ सहसा आढळत नाही. अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो निरुपयोगी होता. त्याला हवे ते ‘कारण’ होते.

परंतु जखमी माणसाच्या पत्रात खुशालीचे हे ठरीव वाक्य निरुपयोगी नसते. खांद्यातून गोळी आरपार गेलेला माणूस लेखनिकाला ‘मी येथे खुशाल आहे’ असे लिहायला सांगतो, तेव्हा ते वाक्य तीन कामे एकदम करीत असते. आईवडिलांना धीर देण्याचे कर्तव्य त्यात पार पडते. पत्र लिहिण्याइतपत आपण जिवंत आहोत ही मुख्य बातमी त्यात असते. आणि पुढे येणाऱ्या दुखापतीच्या बातमीची धार त्याने बोथट होते. हे वाक्य कापून थेट दुखापतीचा मजकूर उचलला, की पत्राचा स्वर बदलतो. मूळात सावकाश, वळण घेत आलेली बातमी उताऱ्यात किंकाळीसारखी भासते. या पत्रांतील हताशेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ती हताशा खरी आहे याविषयी शंका नाही. परंतु तिचा आजच्या वाचकाला जाणवणारा उघडेपणा कितपत शिपायाचा आणि कितपत कात्रीचा, हे तपासल्याशिवाय तिच्यावर शैलीविषयक विधाने करणे धाडसाचे ठरेल.

नात्याच्या शब्दांचीही हीच गत. इंग्रजी उताऱ्यातील ‘ब्रदर’ हा सख्खा भाऊ, चुलतभाऊ, मेहुणा किंवा नुसता गावकरी यांपैकी कोण, हे सांगता येत नाही. वडिलांना उद्देशून लिहिलेल्या पत्रातील आदरार्थी बहुवचन इंग्रजीत विरघळून जाते, आणि बापाशी मुलगा बरोबरीने बोलतो आहे असा भास निर्माण होतो. आज एखाद्या मराठी वा पंजाबी वाचकाने ही पत्रे आपल्या भाषेत पुन्हा आणायची म्हटली, तर पहिल्याच शब्दाला अडखळावे लागते. पणजोबांचे शब्द पणतूने परक्या भाषेतून आपल्या भाषेत भाषांतरित करावेत, ही या संग्रहाची सर्वांत विलक्षण अट आहे, आणि इंग्रजीतून लिहिणाऱ्या अभ्यासकांना ती जाणवण्याचे कारण पडलेले नाही.

राजवाडा आणि तुरुंग

खंदकातून लिहिलेले पत्र आणि रुग्णालयातून लिहिलेले पत्र यांत फरक करणे आवश्यक आहे. रुग्णालयात वेळ होता, कोरडा कागद होता, लिहून देणारा माणूस मिळत होता, आणि मुख्य म्हणजे आजूबाजूच्या खाटांवर निरनिराळ्या पलटणींतली माणसे होती. कोणत्या पलटणीतील किती उरले, याचा हिशेब येथे जुळवला जाई. सेन्सॉरला रुग्णालयातील पत्रांची अधिक धास्ती वाटे ती यामुळेच. जखमी शिपाई गावी लिहीत होते की कोणी भरती होऊ नये. भावाला येऊ देऊ नये. उघड लिहिता येत नसे तेव्हा मिऱ्यांचा व्यापार चाले. काळी मिरी म्हणजे हिंदुस्थानी, तांबडी म्हणजे गोरे शिपाई. काळी संपत आली, आता तांबडी वापरतात, अशा प्रकारच्या सांकेतिक वाक्यांचा अर्थ सेन्सॉरलाही लवकरच उमगला. हॉवेलचे एक निरीक्षण मात्र साहित्याच्या अभ्यासकाला थबकायला लावते. १९१५ च्या आरंभीच्या अहवालात त्याने जखमींच्या पत्रांत वाढत चाललेल्या कवितेची नोंद केली आणि ती मानसिक अस्वास्थ्याची चिंताजनक खूण मानली. शिपायाने पद्याचा आश्रय घेतला तो दुःखामुळे, हे त्याने बरोबर ओळखले. ते पद्य जपून ठेवण्याजोगे आहे, हा विचार त्याच्या कामाच्या कक्षेबाहेरचा होता.

ब्रायटनच्या पॅव्हिलियनविषयीची पत्रे या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहेत. घुमट आणि मिनार असलेल्या या इमारतीत, लगतच्या डोमसह, ७०० हून अधिक खाटा होत्या. नऊ स्वतंत्र स्वयंपाकघरे होती. हिंदू आणि मुसलमान यांच्यासाठी पाण्याचे नळ वेगळे होते. राजाने आपला राजवाडा आमच्यासाठी रिकामा केला, असे शिपाई घरी कौतुकाने कळवत. वस्तुस्थिती अशी की हा राजवाडा १८५० मध्येच ब्रायटन शहराने विकत घेतला होता. राजाचा तेथे राहण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु शिपायांचा हा समज आपोआप निर्माण झालेला नव्हता. रुग्णालयाची सचित्र पुस्तिका इंग्रजी, उर्दू आणि गुरुमुखीत छापून हिंदुस्थानात वाटण्यात आली, चित्रांची कार्डे निघाली, आणि शिपायांनी ती घरी पाठवली. म्हणजे शिपायाच्या खासगी पत्रातील वाक्य आणि सरकारी प्रचाराचे वाक्य येथे एकमेकांत मिसळलेले आहे. काही अभ्यासक या पत्रांत राजनिष्ठा पाहतात, काही भाबडेपणा. दोन्ही वाचनांत पत्र कोणासाठी लिहिले आहे याचा विसर पडलेला दिसतो. मुलगा राजाच्या घरी औषधपाणी घेतो आहे, हे वाक्य आईसाठी आहे. त्याचा खरेखोटेपणा ब्रायटनच्या महसुली नोंदींवर तपासून भागणार नाही. दूर देशी, परक्यांच्या हाती पडलेल्या मुलाविषयी आईला जी भीती वाटते, तिला मिळालेले ते सर्वांत मोठे उत्तर होते.

याच शहरातील किचनर रुग्णालयाची पत्रे वेगळे बोलतात. पूर्वीच्या गरीबगृहाच्या (वर्कहाउसच्या) जागेतील या रुग्णालयात रुग्णांना आणि हिंदुस्थानी कर्मचाऱ्यांना आवाराबाहेर जाण्यावर कडक निर्बंध होते. पहारे आणि काटेरी तारा होत्या. ही जागा तुरुंगासारखी आहे, असे तेथून लिहिले गेले. एकाच गावात राजवाडा आणि तुरुंग असे दोन्ही अनुभव असताना ‘ब्रायटनमधील हिंदुस्थानी रुग्ण’ असे एकवचनी शीर्षक देऊन कोणतेही सर्वसाधारण विधान करणे सयुक्तिक ठरत नाही.

या सर्व पत्रव्यवहारामागे एक ठोस मागणी होती. बरे झालेल्या जखमींना पुन्हा आघाडीवर धाडले जाई, आणि हे शिपायांना असह्य होते. जखम म्हणजे घरी परतण्याचा परवाना, अशी त्यांची धारणा होती. एका निनावी शिपायाने तर थेट राजालाच अर्ज लिहिला. अकरा रुपयांसाठी हिंदुस्थानी माणसाने जीव दिला, आणि जखमी होऊन आलेल्याला तीन-तीन, चार-चार वेळा खंदकात परत पाठवले जाते, असा त्याचा आशय होता. शिपायाचा मासिक पगार खरोखरच अकरा रुपये होता. घरच्या पत्रात जे ‘खुशाल आहे’ या वाक्याआड दडवले जाई, ते नाव न देता लिहिलेल्या या अर्जात आडपडद्याशिवाय आले आहे. दोन्ही एकाच प्रकारच्या खाटेवरून लिहिले गेले, हे लक्षात ठेवून ती शेजारी ठेवून वाचायला हवीत.

मीर दस्तचे पत्र

जमादार मीर दस्त (पुढे सुभेदार) हा पठाण अधिकारी २६ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळच्या लढाईत विषारी वायूच्या हल्ल्यात सापडला. त्या दिवशीच्या पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २५ ऑगस्ट १९१५ रोजी पॅव्हिलियनच्या हिरवळीवर स्वतः पंचम जॉर्जने तो त्याच्या छातीवर लावला. त्याच्या आधी, जुलैमध्ये, त्याने रुग्णालयातून लिहिलेल्या पत्राचा छोटा उतारा उपलब्ध आहे. आमच्या पलटणीतील माणसांनी चांगली कामगिरी केली, पुढेही करतील. मला तुमचे अभिनंदन हवे आहे. मला क्रॉस मिळाला. क्रॉस फार चांगली गोष्ट आहे. पण हा वायू मला चैन पडू देत नाही, त्याने माझा निकाल लावला आहे. एवढाच त्याचा आशय.

हे पत्र अनेकदा उपरोधाचा नमुना म्हणून उद्धृत केले जाते. सन्मान आणि शरीर यांतील विसंगती दाखवण्यासाठी ते सोयीचे आहे खरे. पण त्यातील क्रम नीट पाहिला तर उपरोध हा शब्द अपुरा वाटतो. आधी पलटण, मग मागितलेले अभिनंदन, मग पदक, मग वायू. पहिल्या तीन गोष्टी वाचणाऱ्यांच्या आहेत. घरच्यांनी, गावाने, जमातीने अभिमानाने मिरवाव्यात अशा. हे पत्र चारचौघांत मोठ्याने वाचले जाणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. चौथी गोष्ट मात्र चारचौघांत वाचण्याची नाही, आणि तरीही ती तेथेच आली आहे. ओमिसी यांनी आपल्या विवेचनात ‘इज्जत’ या कल्पनेला दिलेले महत्त्व पहिल्या तीन वाक्यांपुरते पटण्याजोगे आहे. चौथे वाक्य त्या चौकटीत बसत नाही. मीर दस्त पदकाला नाकारत नाही, त्याची थट्टाही करीत नाही. तो दोन्ही गोष्टी खऱ्या म्हणून शेजारी ठेवतो. पत्राचे बळ येथे आहे, आणि ते इंग्रजी अनुवादातूनही टिकून राहिले आहे. मघाशी कात्रीविषयी व्यक्त केलेल्या शंकेला हे पत्र काहीसा अपवाद ठरते, हेही मान्य केले पाहिजे.

साहित्यातील जखमी

याच काळात हिंदीत चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही कथा ‘सरस्वती’ मासिकात १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. गुलेरी आघाडीवर गेले नव्हते. तरीही या पत्रांच्या शेजारी ठेवून वाचावी अशी दुसरी कथा भारतीय भाषांत सहज सापडणार नाही. तिचा नायक लहनासिंग जखमी होतो, पण जखमींना नेणाऱ्या गाडीत स्वतः न चढता आजारी बोधासिंग आणि सुभेदार यांना चढवतो. सुभेदारणीला पत्र लिहाल तेव्हा माझा नमस्कार कळवा, आणि घरी जाल तेव्हा सांगा की तिने जे सांगितले होते ते मी केले, एवढाच निरोप तो देतो. ती काय म्हणाली होती, हे सुभेदार विचारतो; उत्तर मिळत नाही. कथेचा शेवट वर्तमानपत्रातील मृत जखमींच्या यादीने होतो.

येथे रुग्णालय नाकारले गेले आहे, आणि त्याबरोबर पत्रही. नमस्कार पत्रातून जाऊ शकतो; खरी गोष्ट पत्रातून जाऊ शकत नाही, ती तोंडी जावी लागते, आणि तोंडी नेणाऱ्यालाही तिचा अर्थ ठाऊक नसतो. सुभेदार हाच येथे लेखनिक आहे, टपाल आहे, आणि नकळत सेन्सॉरही. बुलोनच्या कचेरीविषयी गुलेरींना माहिती असण्याचे कारण नव्हते. पण गावातील प्रत्येक पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकले जाते, हे त्यांना पुरेपूर माहीत होते. यानंतर सुमारे पाव शतकाने आलेल्या मुल्कराज आनंद यांच्या ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ या कादंबरीचा भर खंदकावर आणि लालू या तरुण शिपायाच्या जाणिवेच्या विकासावर आहे. विस्ताराने ती कितीतरी मोठी असली तरी घर आणि आघाडी यांच्यामधील निरोपाची अडचण गुलेरींच्या कथेत अधिक खोलवर पकडली गेली आहे, असे म्हणावे लागते.

मराठी शिपाई कोठे आहे

या संग्रहातील ‘हिंदुस्थानी आवाज’ प्रामुख्याने पंजाबचा आणि उत्तरेचा आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने नजरेआड करता कामा नये. फ्रान्समध्ये मराठे अगदीच नव्हते असे नाही. ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या होत्या. पण मराठा पलटणींचे मुख्य रणक्षेत्र मेसोपोटेमिया हे होते. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी पलटण टाउनशेंडच्या ६ व्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे त्या लढल्या. तेथील जखमींना ना राजवाडा मिळाला, ना नऊ स्वयंपाकघरे. नदीतील बोटींवर दाटीवाटीने, कित्येक दिवस मलमपट्टीवाचून त्यांना बसऱ्याकडे आणले गेले, आणि या अनास्थेवर १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालाने कोरडे ओढले. पुढे २९ एप्रिल १९१६ रोजी कुट पडले आणि हजारो शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. बंगाली रुग्णसेवा पथकातील शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांनी त्या कैदेतील आणि तेथील रुग्णालयातील अनुभव पुढे ‘अभि ले बगदाद’ या ग्रंथात लिहिले. त्यांना लिहिता येत होते, हा फरक मोठा आहे.

मेसोपोटेमियातून येणाऱ्या जखमींसाठी मुंबई हे मुख्य बंदर होते. संग्रहालय म्हणून बांधलेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारतही काही काळ लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. मुंबईच्या खाटेवरून सातारा वा रत्नागिरी जिल्ह्यातील गाव समुद्रापलीकडे नव्हते. तेथे निरोप पत्राने जाई तसा गावच्या गिरणी कामगाराबरोबर तोंडीही जाऊ शकत होता. ब्रायटनच्या शिपायाचा शब्द सरकारला संशय आला म्हणून उरला. संशय येण्याइतका दूर जो गेला नाही, त्याचा शब्द शोधायचा तर सरकारी दप्तराबाहेर, घराघरांतल्या जुन्या ट्रंकांत, निवृत्तिवेतनाच्या कागदांच्या गठ्ठ्यांत आणि आजींच्या आठवणींत शोधावा लागेल; आणि त्यासाठी इतिहास व मराठी या दोन विभागांनी एकत्र बसण्याची गरज आहे, जे महाविद्यालयांत क्वचित घडते.

पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर त्या युद्धाचा दगड आजही दिसतो. या गावातून अमुक माणसे महायुद्धावर गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले, एवढे दोन आकडे त्यावर कोरलेले असतात. जखमींचा आकडा त्या दगडावर नसतो.